आईचे इकडचे कपडे

आई गेल्यानंतर महिनाभराने बाबांनी फोनवर सांगितलं की कपाट रिकामं करून झालं. त्याआधी ते सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत होते, त्यानंतर गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलले, आणि मधल्या एका वाक्यात माझ्या आईच्या सगळ्या साड्या गेल्या. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. कुणाला दिल्या, असं विचारलं तर म्हणाले, आत्या आली होती, तिने सगळं मार्गी लावलं. काही तिने घेतल्या, काही कामाला येणाऱ्या बाईंना दिल्या, उरलेल्या तिच्या ओळखीच्या कुठल्याशा आश्रमात गेल्या. गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवायचे नसतात असं आत्याचं म्हणणं होतं. बाबांना ते पटलं होतं, कारण कपाटाचं दार उघडलं की त्यांना त्रास व्हायचा.

मी त्यांची एकुलती एक मुलगी. दिवसकार्य होईपर्यंत पुण्यातच होते, त्याच खोलीत, त्याच कपाटासमोर गादी घालून झोपत होते. तुला यातली कुठली हवी आहे का, असं मला एकदाही कुणी विचारलं नाही. त्या दिवसांत कपाटाला हात लावायचं बळ माझ्यात नव्हतं. पुढच्या सुट्टीत येईन तेव्हा बसून निवांत बघू, असं मी धरून चालले होते. त्यात एक गडद हिरवी इरकल होती. माझा कुठलाही निकाल असला की आई त्या दिवशी ती नेसायची. ती कुणाकडे गेली, असं मी बाबांना विचारलं.

"आता ते मला काय माहीत," ते म्हणाले. "साड्या सगळ्या सारख्याच दिसतात."

मी फोन ठेवला आणि जिन्यातच बसून राहिले. वरून उतरणाऱ्या सहकाऱ्याने बरं आहे ना म्हणून विचारलं, मी जा, जा म्हणाले. बरं काहीच नव्हतं. आई गेल्याचं कळलं तेव्हाही मला इतका राग आला नव्हता. तेव्हा राग करायला समोर कुणी नव्हतं.

आईचे सगळे कपडे दिले गेले अशी बाबांची समजूत होती. तसं नव्हतं. आईचे अर्धे कपडे माझ्याकडे होते, जर्मनीत, र्युसेल्सहाइमला, आमच्या घरातल्या लहान खोलीत.

मी इथे गाड्यांच्या सीटच्या चाचण्या करते. नवरा जवळच्या एश्बॉर्नला आयटीत आहे. लेक इथेच जन्मली, मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच देते. ती लहान असताना आई पहिल्यांदा आली, आणि मग दर उन्हाळ्यात तीन तीन महिने येत राहिली. एकटी यायची. बाबा कधी आले नाहीत. घर बंद ठेवून कसं चालेल, तिकडची थंडी मला मानवायची नाही, तिकडे बसून मी करू काय, अशी त्यांची कारणं दरवर्षी आलटून पालटून असायची. पहिल्या वर्षी मी आईला फार आग्रह केला होता त्यांना घेऊन ये म्हणून. नंतर केला नाही, कारण माझ्या लक्षात आलं होतं की विमानतळाच्या दारातून बाहेर येताना आईची चालसुद्धा वेगळी असते.

पहिल्या उन्हाळ्यात साडीवर स्वेटर घालून ती सगळीकडे फिरली. दुसऱ्या उन्हाळ्यात म्हणाली, त्या तुझ्या शेजारणीसारखी पँट मला बरी दिसेल का गं. आम्ही दुकानात गेलो. तिने करड्या रंगाची एक पँट घेतली, मग निळी, मग पावसात घालायचं लाल जाकीट, जाड तळव्यांचे बूट. परत जाताना ते सगळं धुऊन, घड्या करून त्या लहान खोलीतल्या कपाटात ठेवायची आणि साडी नेसून विमानात बसायची. घेऊन जा की, असं मी म्हणाले तर म्हणायची, राहू देत इथेच, इकडचे कपडे इकडे.

आणि पोहणं. त्याबद्दल जरा नीट सांगायला हवं.

आईचं माहेर सांगलीकडचं. मळ्यात मोठी विहीर होती. तिचे तिन्ही भाऊ पाठीला डबा बांधून त्या विहिरीत पोहायला शिकले. आईला ते सोबत न्यायचे ते काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायला. हे तिने मला कधी तक्रारीच्या सुरात सांगितलं नव्हतं. मला ते कळलं तेच मुळी हालेनबाडमध्ये, म्हणजे इथल्या बंदिस्त पोहण्याच्या तलावावर. माझी लेक तिथे शिकायला जायची आणि आई तिचा टॉवेल आणि कपडे मांडीवर घेऊन बाकावर बसायची. एक दिवस ती म्हणाली, "लहानपणीपण मी हेच करायचे." आणि विहिरीची गोष्ट सांगितली. मग थोड्या वेळाने विचारलं, "इथे म्हाताऱ्यांना शिकवतात का गं?"

शिकवत होते. सकाळचा एक वर्ग होता, पोहता न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. माझ्या आईने साठी ओलांडल्यावर आयुष्यातला पहिला पोहण्याचा पोशाख विकत घेतला. गडद निळा, गुडघ्यापर्यंत पाय झाकणारा, अर्ध्या बाह्यांचा. दुकानात ट्रायल रूमच्या पडद्याआड ती इतका वेळ होती की मी हाक मारली. आतून म्हणाली, "थांब, बघतेय मी."

घरी आल्यावर तिने मला बजावलं की बाबांना यातलं काही कळता कामा नये. रागावतील का, असं मी विचारलं.

"रागावले तर चालेल," आई म्हणाली. "हसतील गं ते."

त्यानंतरचे सगळे उन्हाळे ती तलावावर जात राहिली. पुण्याहून बाबांचा रोज फोन यायचा, आज काय केलंस म्हणून, आणि ती सांगायची, भाजी आणली, नातीला शाळेतून आणलं. खोटं ती बोलायची नाही. सगळं सांगायची नाही, इतकंच.

बाबा पहिल्यांदा इथे आले ते आई गेल्यानंतरच्या मे महिन्यात. पुण्यात एकट्याने जेवण जात नव्हतं, आत्यालाही तिचं घर होतं. मी तिकीट काढलं. साड्यांचा राग गेला नव्हता, पण तो बाजूला ठेवून मी त्यांना आणायला गेले. विमानतळाबाहेर येताना ते इतके वाळलेले दिसले की बाजूला ठेवायला फारसं अवघड गेलं नाही. त्यांना लहान खोली दिली. आईचे कपडे कपाटात होते तसेच होते. त्यांचं काय करायचं हे माझं ठरलं नव्हतं आणि ठरवायची मला घाईही नव्हती. बाबांना म्हटलं, खालचे दोन कप्पे रिकामे आहेत, तुमचं सामान तिथे ठेवा.

आठवडाही झाला नव्हता. मी कामावरून आले तर पॅसेजमध्ये एक मोठी निळी पिशवी बांधून ठेवलेली. बाबा टेबलाशी चहा पीत बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा जरा खुलला होता. तुझं काम हलकं केलं, असं म्हणाले. सुपरमार्केटच्या बाजूला जुन्या कपड्यांचा कंटेनर आहे, त्यात काय टाकतात ते त्यांनी आदल्या दिवशी नातीला विचारून घेतलं होतं. गरिबांना जातात असं तिने त्यांच्यासाठी मोडक्या मराठीत सांगितलं. एक पिशवी ते टाकून आले होते. दुसरी न्यायचा दम उरला नव्हता म्हणून माझा नवरा आला की त्याच्याबरोबर नेणार होते.

मी खोलीत गेले. कपाट रिकामं होतं. खालच्या कप्प्यात बाबांचे लेंगे आणि वरच्या कप्प्यात त्यांनी ठेवलेली गोळ्यांची डबी. बांधलेली पिशवी मी फाडून उघडली. त्यात आईचा टॉवेलच्या कापडाचा गाऊन होता, लोकरीचे मोजे, रात्रीचे कपडे, एक मफलर. पँटी, लाल जाकीट, बूट, सगळं पहिल्या पिशवीत.

मी तशीच निघाले. बाबा मागून आले. कंटेनरची झडप अशी असते की कपडे आत सरकतात आणि बाहेर काही काढता येत नाही. मी त्यात खांद्यापर्यंत हात घातला. हाताला पत्रा लागला. वर एक फोन नंबर होता, तो लावला. पलीकडच्या बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आत पडलेली वस्तू कुणालाही परत देता येत नाही, आणि कंटेनर कधी रिकामा होतो ते ती सांगू शकत नाही. मी तिला म्हटलं, माझ्या आईचे कपडे आहेत, ती वारली आहे. तिला वाईट वाटलं. तिने तसं सांगितलंही, आणि मग तेच वाक्य पुन्हा म्हटलं. फोन ठेवून मी त्या कंटेनरवर लाथ मारली. फार मोठा आवाज झाला. सामानाच्या ढकलगाड्या घेऊन जाणारे लोक थांबले.

"घरी चल," बाबा म्हणाले. "लोक बघतायत."

बघू देत, असं मी म्हणाले, आणि आणखी एकदा मारली.

परत येताना मी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. साड्यांपासून सुरुवात केली. तुम्हाला विचारायला काय होतं, हा एकच प्रश्न मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहिले. ते खाली बघून चालत होते. घराच्या दारात मात्र म्हणाले, अगं, सगळं नाही दिलं, तुझं ते पोहायचं तिच्या कपड्यांत आलं होतं, ते तुझ्या पलंगावर ठेवलंय.

मी खोलीत जाऊन बघितलं. निळ्या पोशाखाची त्यांनी नीट घडी करून माझ्या उशीवर ठेवली होती. तो घेऊन मी बाहेर आले.

"बाबा, हे आईचं आहे."

बाबा हसले. फार नाही, नाकातून हवा सोडल्यासारखे. "काहीतरीच. तिला बादलीतल्या पाण्याची भीती वाटायची."

आई त्यांना बरोबर ओळखून होती.  मी तो पोशाख छातीशी धरून आत गेले आणि दार लावून घेतलं. पुढचे दिवस मी बाबांशी कामापुरतं बोलले. जेवायला वाढलं, औषधं दिली. नवऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं की ते म्हातारे आहेत, दुःखात आहेत. तेही मला माहीत होतं. दुःखात असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या वस्तू टाकायच्या आणि बाकीच्यांनी समजून घ्यायचं, हे मला मान्य नव्हतं. मीही दुःखात होते. मी कुणाचं काही टाकलं नव्हतं.

त्या रविवारी आईच्या एक मैत्रीण आल्या. समोरच्या इमारतीत राहतात, आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या, एकट्या. दोघींची ओळख तलावावरची. आईला जर्मनचे मोजके शब्द येत आणि त्यांना मराठीतला फक्त 'चल' येत असे, तरी दोघी तास तास बोलायच्या. आईचे यजमान आले आहेत हे कळल्यावर त्या भेटायला आल्या, घरचा केक घेऊन. बाबांच्या समोर बसल्या, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बोलायला लागल्या. दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

मी एरवी अशा वेळी वाक्यं मऊ करते. त्या दिवशी एकही केलं नाही. त्यांनी सांगितलं की पहिल्या दिवशी आई पूर्ण तासभर पायऱ्यांवर कठडा धरून उभी होती, पाणी पोटरीपर्यंत. दुसऱ्या वेळी कमरेपर्यंत. डोकं पाण्याखाली घालायला तिला एक पूर्ण उन्हाळा लागला. पुढच्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये न थांबता पोहून दाखवलं, आणि त्या टोकाला पोचल्यावर इतकी मोठ्याने हसली की शिकवणारा माणूस धावत आला, काही झालं का बघायला. मी एक एक वाक्य मराठीत करून बाबांसमोर ठेवत होते. ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या बाईंकडे बघत होते.

मग त्यांनी मला विचारलं, आईच्या सामानाचं काय केलं. मी सांगितलं, माझ्या वडिलांनी कंटेनरमध्ये टाकलं. त्यांनी बाबांकडे पाहिलं आणि एक वाक्य म्हटलं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"त्या म्हणतायत, ते तुम्ही द्यायचे नव्हते."

 केकची ताटली बाबांनी खाली ठेवली. मग मला म्हणाले, यांना सांग, मी ते कपाट उघडलं आणि मला ती त्यात कुठेच दिसेना. त्या पँटी, ते जाकीट. ही कोण बाई, असं वाटलं. "चाळीस वर्षांहून जास्त संसार केला मी तिच्याशी," ते म्हणाले, "आणि त्यातला एक कपडा मला ओळखू आला नाही. माझ्याच्याने त्या खोलीत झोपवेना."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. त्या बाईंनी मान हलवली, गेनाऊ म्हणाल्या. अगदी बरोबर. मला वाटतं त्यांना बाबांची दया आली. मला आली नाही. ओळखू येत नाही तर माणूस विचारतो. मुलगी संध्याकाळी कामावरून घरी येणारच होती. हे कधीचं, हे तिने कधी घातलं, एवढं विचारलं असतं तर मी त्या जाकिटाची सगळी कथा सांगितली असती. त्यांनी पिशवी आणली.

"मला का नाही सांगितलं तिने?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही हसाल म्हणून," मी म्हणाले. "आणि तुम्ही हसलात."

त्या बाईंनी काय बोललात म्हणून विचारलं. ते मात्र मी सांगितलं नाही.

जाताना मी त्यांना तो टॉवेलच्या कापडाचा गाऊन दिला. तलावावर आई तोच घालून बसायची. त्यांनी तो लगेच अंगावर घालून बघितला, बाह्या थोड्या आखूड झाल्या. मोजे आणि मफलर मी स्वतःकडे ठेवले. रात्रीचे कपडे मीच जाऊन त्या कंटेनरमध्ये टाकले, कारण ते कुणीच वापरणार नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. ते टाकायचे हे मी ठरवलं होतं, एवढाच काय तो फरक, आणि तो मला पुरेसा होता.

बाबांच्या परतीच्या आधी ते एकदा म्हणाले, तो तलाव दाखवशील का. आम्ही गेलो. आत जायला तिकीट काढावं लागतं, आणि काचेतून बाहेरूनही दिसतं. ते बाहेरच उभे राहिले. एक जाडजूड आजोबा पाठीवर पोहत होते. बाबांनी विचारलं, ती कुठल्या बाजूने उतरायची. मी पायऱ्या दाखवल्या. खोल किती आहे, ते विचारलं. पलीकडच्या टोकाला पाय टेकत नाहीत, असं मी सांगितलं. "तिथपर्यंत जायची?" मी हो म्हणाले.

घरी येताना सिग्नलला थांबलो असताना ते म्हणाले, "ते एक मी घेऊन जाऊ का? निळं."

मी नाही म्हणाले. विचार करायला वेळ घेतला नाही आणि कारणही दिलं नाही. ते बरं म्हणाले. सिग्नल हिरवा झाला. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. विमानतळावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी वाकून नमस्कार केला, आणि ते गेले. परत येताना गाडीत मला रडू आलं, पण नाही म्हटल्याचं नव्हे.

त्यानंतर दोन महिन्यांनी आत्याचा फोन आला. ती जरा चिडलेलीच होती. बाबा येईल जाईल त्याला सांगत सुटले होते की आमची ही जर्मनीत पोहायला शिकली. सोसायटीच्या बाकावर, वाण्याकडे, डॉक्टरांकडे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. पाय टेकत नाहीत अशा पाण्यात. या वयात हे असलं सांगत फिरणं बरं दिसतं का, असा आत्याचा प्रश्न होता. हिरवी इरकल तिच्याकडेच आहे, हेही तिने बोलता बोलता सांगितलं, आणि हवी तर पाठवते म्हणाली. पाठव, असं मी म्हणाले. अजून आलेली नाही.

मी बाबांना फोन लावला. त्यांचा आवाज चांगला होता. जेवण जातंय, असं म्हणाले. मी म्हटलं, बाबा, आईच्या पोहण्याचं तुम्ही सगळ्यांना सांगताय म्हणे.

"हो," ते म्हणाले. "अभिमानाची गोष्ट आहे."

"सांगू नका."

"का पण? चांगलंच सांगतोय मी तिच्याबद्दल."

"तिने तुम्हाला सांगितलं नव्हतं," मी म्हणाले. "ते तुमच्याकडे तिच्याकडून आलेलं नाही."

 पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, आता तर सगळ्यांना सांगून झालं. आणि इकडे थंडी सुरू झाली का, असं त्यांनी विचारलं. मी झाली म्हणाले.